धूळनागिणीची सुगी

शाळू पिकून शिवार पांढरं पडलं की माझ्या उजव्या हाताची दोन बोटं जागी होतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं. एरवी वर्षभर ती हाताला नुसती लागून असतात, ना कामाची ना धामाची. पण माघ सरत आला, पहाटेचा गारठा गेला, वाळल्या ताटांची सळसळ घरापर्यंत ऐकू यायला लागली की त्या दोघांना मुंग्या येतात. सगळ्या गावाला सुगीचं उधाण आलेलं असतं. खळी सारवली जातात, पोरं हुरड्याची शेवटची कणसं भाजून तोंडं काळी करतात, चिमण्यांचे थवे उठतात नि बसतात. मला मात्र धास्ती वाटते. केस पिकले, दात गेले, तरी पेंढी उचलायच्या आधी मी तिला पायानं ढोसून बघते. सुना तोंडाला पदर लावून हसतात. हसा बायांनो, हसा.

परवा न्याहारीला बांधावर बसले होते. ऊन तापलं होतं. बायका ताटं उपटत पुढं सरकत होत्या आणि एकदम धाकट्या सुनेनं किंकाळी फोडली. बघते तर पेंढ्यांच्या ओळीवरून एक लांबडं सरसर गेलं. नजर पोचेपर्यंत पार पलीकडच्या बाभळीखाली! "नाग! नाग!" एकच गलका. कोणी काठी उचलली, कोणी दगड. मी बसल्या जागेवरून ओरडले, "अरं, जाऊ द्या तिला! धूळनागीण हाय ती!" माझा आवाज आता काही फार राहिलेला नाही, पण त्या वेळी शिवारभर गेला. काठीवाला थबकला. तेवढ्यात ती दगडांच्या फटीत शिरली.

आता मला ती ओळखू येते, कारण त्या एका सुगीनंतर मी तिच्यावर नजरच ठेवून राहिले. ज्याची भीती बसते त्याच्याकडं माणूस सारखं बघतं. ही उन्हाची बाई आहे. पहाटेच्या गारव्यात कुठं दिसायची नाही, पण ऊन चढलं की बाहेर पडते आणि उंदीर, सरडे, जे गावेल त्याच्या मागं पळत सुटते. रंग आपल्या धुळीचा, मातीचा. पिल्लू असते तेव्हा तिच्या अंगावर आडवे पट्टे असतात, मोठेपणी ते पुसट होतात. माणसाची चाहूल लागली की तिचं पहिलं काम पळायचं. पळायला वाटच उरली नाही तर मात्र पुढचं अंग उभारते, मान चपटी करते, आणि तेव्हा भल्याभल्यांना नाग दिसतो. मग ती चावते. एकदा चावून थांबत नाही, झटक्यासरशी पुन्हा पुन्हा चावते. दात बारीक आणि पुष्कळ, त्यामुळं रक्त येतं. विष नाही.

हे मी आता पान चघळत सांगते आहे. पण हात पेंढीखाली असताना ती समोर उभी राहिली तर आजही मी काय ओळखणार, कपाळ? धूळनागिणीला नाग समजून ठेचलेलं किती तरी वेळा पाहिलं. उद्या एखादं पोर माझं ऐकून नागाला धूळनागीण समजलं तर? म्हणून सुनांना एवढंच सांगते, दिसलं की लांब व्हा, त्याला वाट द्या, नावगाव नंतर विचारू. सांगून झालं तरी जीव थाऱ्यावर येत नाही तो नाहीच.

ती सुगी निजामाच्या अमलातली. लिंबागणेशच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला आमचं गाव. बीडला सरकारी दवाखाना आहे असं ऐकून होतो, पण आमच्यातल्या कोणी त्याचं दार बघितलेलं नव्हतं. गावात कोणाला पान लागलं की त्याला उचलून मारुतीच्या पारावर आणायचं. साप चावला म्हणायचं नाही, पान लागलं असंच म्हणायचं. त्या जनावराचं नाव तोंडातून काढलं की ते ऐकतं, अशी समजूत. आम्ही बायका तर शेतातसुद्धा 'लांबडं' म्हणायचो, तेही हळूच.

लग्न होऊन मला फार दिवस झाले नव्हते. सासू-सासरे आधीच गेलेले. घर होतं ते माझ्या थोरल्या जावेच्या हातात. द्वारकाअक्का. हाडापेरानं दणकट, कामाला वाघीण, आणि तोंड म्हणाल तर तापल्या कढईत मोहरी टाकावी तसं. तिचे मालक आणि आमचे मालक सख्खे भाऊ. वडीलधारे म्हणून घरात चुलत सासरे होते, आबा. भला माणूस. पायाला कधी वहाण नाही, आणि मारुतीवर अशी श्रद्धा की शेताला जाता-येता पारापुढं वाकल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचे नाहीत.

त्या सुगीच्या तोंडावर माझं आणि अक्काचं वाजलं होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि मला माहेरी जायचं होतं. अक्का फणकारली, "सुगी तोंडावर आली आन् ही म्हैरला निघाली. शाळू काय तुजा बाप येऊन उपटल व्हय?" माझा बाप काढला! माझे वडील गावात पोथी वाचायचे, त्यांच्या मांडीवर बसून मी अक्षरं ओळखायला शिकले, आणि ही बया त्यांना शाळू उपटायला लावते? मी काही कमी नव्हते. भाकरी थापता थापता परात आपटली, आणि तेव्हापासून अबोला धरला. एकाच चुलीवर दोघी स्वयंपाक करायचो नि एक अक्षर बोलायचो नाही. तिला मीठ हवं असलं की ती चुलीला सांगायची, मीठ संपलं म्हणून. मी चुलीलाच उत्तर द्यायचे.

गावाला हे ठाऊक झालंच. दोघी जावा वेगळ्या निघणार, थोरलीला धाकटी डोळ्यापुढं नको झालीय, असं विहिरीवर बोललं जायला लागलं. त्यात तथ्य किती होतं हे मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. मनात अढी असली की खरं-खोटं कोण तपासतं?

त्या दिवशी दोघे भाऊ घरी नव्हते, दोन दिवस आधीच बैलगाडी जुंपून केजच्या बाजाराला गेले होते. मी मालकांना हिरव्या बांगड्या सांगितल्या होत्या. आम्ही बायका आणि आबा शेतात. अक्कानं मधली पात धरली म्हणून मी मुद्दाम पार बांधाकडची धरली. तिच्या शेजारी वाकायला नको, तिचा पदर दिसायला नको. आदल्या दिवशी उपटलेल्या पेंढ्या तिथं रात्रभर पडलेल्या होत्या. रात्रभर पडलेल्या पेंढीखाली उंदीर शिरतात आणि उंदरांमागं काय शिरतं हे शेतातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळत नव्हतं थोडंच? पण अक्काच्या आधी माझी ओळ संपली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. एकीमागं एक पेंढ्या उचलून रचत निघाले होते.

एक पेंढी उचलली आणि खाली काही तरी सळकन हललं. मी मागं सरायचं सोडून हातातली पेंढी पुढं आपटली. तिची पळायची वाट नेमकी तीच. मग ती उभी राहिली. मान पसरलेली, तोंड उघडं. मी तिच्याकडं बघते आहे आणि ती माझ्याकडं. हाताच्या कडेला सपकन काही तरी लागलं, लगेच पुन्हा लागलं, आणि ती गेली. कुठं गेली, कशी गेली, मला दिसलंच नाही. पंजाच्या कडेवर, करंगळीच्या खाली, रक्ताचे बारीक थेंब ओळीनं उठत होते.

आबा धावत आले. "फडा व्हता का गं? फडा?" पसरलेली मान माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी म्हटलं, "व्हता." त्यांनी हातावरचं रक्त पुसलं. खुणा बाभळीच्या फांदीनं ओरबाडल्यासारख्या होत्या, एका कमानीत, पुष्कळ. त्यातल्या दोन जरा ठळक. आबांनी त्या दोन बोटानं दाखवल्या. "ही बघा. दोन." आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. दोनच शोधायच्या म्हटल्यावर दोन सापडतातच. पण हे शहाणपण आताचं. तेव्हा मलाही त्या दोनच दिसल्या.

पेंढ्या बांधायला आणलेली अंबाडीची दोरी तिथंच पडली होती. आबांनी ती माझ्या कोपराखाली गुंडाळली, मारुतीचं नाव घेतलं आणि सगळा जोर लावून गाठ मारली. मी कळवळले. "सोस," ते म्हणाले. "मी मांत्रिकाला घेऊन येतो. तवर गाठीला कुनी हात लावायचा न्हाई. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची." ही रीत सगळ्यांना माहीत होती. दुसऱ्या कोणी गाठ सोडली तर अडवलेलं विष एकदम सुटतं आणि काळजात जातं, असं आमच्याकडं मानायचे. मांत्रिक राहायचा लिंबागणेशच्याही पुढं. आबा तसेच अनवाणी, त्या उन्हात पळत सुटले.

मला पारावर आणून बसवलं. तिथला गुरव अशा वेळी जे करायचं ते सगळं जाणून होता. त्यानं आधी माझ्या तोंडात लाल मिरची दिली. तिखट लागली तर बरं, नाही लागली तर विष चढलं. तिखट लागली हो! नाकाडोळ्यांतून पाणी आलं, जिभेचं कातडं निघालं. मग त्यानं कडुलिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागला तर काही भीती नाही, गोड लागला तर नाग. मी चावला.

त्या घासाची आठवण माझ्या जिभेवर अजून बसलेली आहे. सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. मीही माझ्याच तोंडात काय चाललंय ते ऐकत होते जणू. आगडोंब उसळलेला, भीतीनं तोंड कोरडं ठणठणीत, आणि त्यात तो पाला. कडू? गोड? काहीच कळेना. आता कळलंच पाहिजे, लवकर कळलं पाहिजे, असं म्हणता म्हणता जीभ लाकडासारखी झाली. गुरवानं विचारलं, "कसं लागतंय?" मी म्हटलं, "कळत न्हाई." त्यानं एकदा देवाकडं बघितलं आणि म्हणाला, "कळत न्हाई म्हंजी चढलंय." तिथंच एका म्हातारीनं रडायला सुरुवात केली.

मिरचीवर पाला चावला तर कळणार काय डोंबल, हे त्या अख्ख्या गर्दीत कोणाच्या ध्यानात येऊ नये! माझ्या तरी कुठं आलं? मी मरणार हे मी मान्य करून टाकलं. बायकांनी माझे केस मोकळे केले. झोप यायला नको म्हणून ओव्या म्हणायला लागल्या, मध्येच कोणी गालावर चापट मारायचं. गुरव थोड्या थोड्या वेळानं मारुतीच्या घागरीतलं पाणी आणून दोरीवर ओतायचा. विष थंड पडावं म्हणून. आणि मी विचार कसला करत होते? बांगड्यांचा. हे केजहून हिरव्या बांगड्या घेऊन येतील आणि त्या घालायच्या कोणाच्या हातात?

हात फुगत चालला होता. आधी लाल, मग जांभळा. नखं काळपट झाली. ठणका असा की दाताखाली पदर धरून बसले होते. मग हळूहळू ठणका कमी झाला आणि त्यानं मी जास्तच घाबरले. हात माझ्या मांडीवर होता पण माझा नव्हता. जो येई तो वाकून बघे आणि म्हणे, "बघा कसं इख चढतंय." हात जितका काळा पडत होता तितकी सगळ्यांना नागाची खात्री पटत होती. दोरीकडं बोट कोणी केलं नाही.

अक्का लांब उभी होती, पिंपळाच्या बुंध्याला टेकून. अबोला होता ना. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडं बघत होते. मनात आलं, आता हिचं घर हिला मोकळं. मग ती गर्दीतून वाट काढत आली आणि गुरव घागर घेऊन वाकला तशी तिनं त्याचा हात धरला.

"पानी नगा टाकू."

"कावून?"

"अंबाडी हाय ती. भिजली की आवळती. पावसाळ्यात बाज कशी ताणून बसती, बघितली न्हाई का कदी?"

"आवळू दे की. तेवढं इख आडंल."

"दोरी मांसात चाललीय, गुरव."

"हात लावायचा न्हाई, सांगून ठेवतो! आबानं देवाच्या नावानं बांधलीय. सोडली की ही गेलीच."

मागं एक बाई दुसरीला कुजबुजली, "जाव हाय ती, जाव. तिच्या मनात काय हाय कुनाला ठावं?" ते अक्कानं ऐकलं. मीही ऐकलं. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं. हिला गाठ का सोडायचीय? ही बाई इतके दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि आज हिला माझा हात आठवला?

अक्का माझ्यासमोर खाली बसली. अबोला तिनं मोडला. "कौसे, बोटं हलीव."

मी जोर लावला. एक बोट हललं नाही.

"सोडू का?"

"मी मरीन का, अक्का?"

"मला ठावं न्हाई."

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, नाही गं, काही होत नाही तुला. ही म्हणाली मला ठावं न्हाई. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले, काही सापडतंय का म्हणून. ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती हाताकडं बघत होती. सकाळपासून सगळी माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती, ओठांकडं, डोळ्यांच्या बुबुळांकडं. मी अजून आहे का गेले ते बघत होती. माझ्या हाताकडं हात म्हणून बघणारी तेवढी एकच. मी म्हटलं, "सोडा."

गाठ सुटण्यातली नव्हती. अक्कानं कमरेचा विळा काढला. गुरव ओरडला, बायका किंचाळल्या, कोणी तिचा दंड धरला. तिनं झटकला. "मेली तर माज्या नावानं शंख करा. आता बाजूला व्हा." विळ्याचं टोक दोरीखाली घालायलाही जागा नव्हती, इतकी ती रुतलेली. कातडं थोडं कापलं गेलं. मग टचकन दोरी तुटली.

आणि हात पेटला. रक्त परत आलं ते, पण मला काय ठाऊक? मला वाटलं हेच ते. आता वर येईल, आता दंडात, आता काखेत, आता काळजात. मी डोळे मिटून काळीज थांबायची वाट बघत बसले. आयुष्यात पुष्कळ वाट बघितली, बाळंतपणाची, पावसाची, आजारी लेकरांचा ताप उतरायची. पण तसली वाट पुन्हा बघायला लागू नये. ओव्या थांबल्या. सगळ्या बायका अक्कापासून दोन पावलं मागं सरल्या होत्या, जशी तीच डसली होती मला.

उन्हं कलली तेव्हा आबा मांत्रिकाला घेऊन आले. तुटलेली दोरी बघून मांत्रिक पायरीवरच थांबला. "बंध तोडला. आता माज्या हातात काय न्हाई," म्हणाला आणि पाणीही न पिता आल्या पावली फिरला. आबांचे पाय रक्ताळलेले होते. ते धाप लागल्या आवाजात अक्काला म्हणाले, "मारलीस तिला." अक्का, जी एका शब्दाला चार ऐकवल्याशिवाय राहायची नाही, तिनं नुसती मान खाली घातली.

किती वेळ गेला कोण जाणे. हात दुखत होता, पण काळीज चाललं होतं. मग अक्का उठली, लिंबाखाली जाऊन कोवळा डहाळा तोडून आणला. तांब्यानं पाणी देऊन मला चुळा भरायला लावल्या, एक, दुसरी, आणखी एक. मिरचीची आग बरीच गेली. तिनं पाला माझ्या ओठांना लावला.

"चाव."

चावला. आणि अगं बाई गं! कडू! घशापर्यंत कडूजहर. मी थू थू करत सुटले. "कडू हाय! अक्का, कडू हाय!" असं कडू मी त्याआधी कधी खाल्लं नव्हतं आणि त्याच्याइतकं काही गोडही लागलं नाही मला कधी. अक्का तिथंच पायरीवर मटकन बसली आणि गळा काढून रडायला लागली. रडता रडता मला शिव्या घालत होती. "आन् म्हनं म्हैरला जायचं! पेंढी ढोसून बघता येत न्हाई, आन् म्हनं बाळंतपन करायचं!"

दिवस बुडता बुडता गाडी आली. बांगड्या आणल्या होत्या. उजवा हात सुजलेला, म्हणून सगळ्या डाव्या हातात भरल्या. बांगड्या भरताना डोळ्यांतल्या पाण्यानं मालकांना काच दिसत नव्हती एवढं मला कळलं.

पुढं माणसं काठ्या घेऊन बांध खणायला गेली. नाग जिवंत ठेवायचा नाही म्हणून. ऐन दुपारी, कडक उन्हात, दगड हलवला तशी ती बाहेर आली आणि उघड्या रानातून अशी पळाली की काठ्या वरच्या वर राहिल्या. आबा बघत उभे. मग हळूच म्हणाले, "ही तर धूळनागीण हाय बे." आबांनी काठी टाकली आणि घरी आले. त्यांच्या तळपायांचे फोड फुटले होते, ते अक्का रोज तेल लावून शेकायची, आणि ते लावून घ्यायचे. त्यांना मी कधी बोल लावला नाही. माझ्यासाठी एवढं कोण पळालं असतं?

धूळनागिणीच्या दातांच्या खुणा त्या वर्षी पाडव्याच्या आतच बुजल्या. दोरीची खूण अजून आहे, कोपराखाली कडं घातल्यासारखी. हात वाचला. भाकरी थापते, जातं ओढलं, लेकरं न्हाऊ-माखू घातली. दोन बोटं तेवढी सरळ झाली नाहीत ती नाहीच. माणसं हात बघून विचारतात, पान लागलं होतं का? मी हो म्हणते. दोरी लागली होती म्हटलं तर सगळं सांगत बसावं लागतं.

त्यानंतर दर पाडव्याला गुढीपुढं नैवेद्य झाला की अक्का कडुलिंब आणि गूळ आधी माझ्या तळहातावर ठेवायची. इतरांचा नंतर. आणि विचारायची, "कडू लागतंय का गं?" मी म्हणायचे, "लई कडू हाय." मग ती पुढं वाटप करायची. आम्ही वेगळ्या निघालो नाही. भांडलो मात्र पुष्कळ, अबोलेही धरले. पण पाडव्याला तिचं विचारणं चुकलं नाही आणि माझं उत्तर चुकलं नाही.

एकच गोष्ट मी विचारली नव्हती. म्हातारपणी, तिचे डोळे अधू झाल्यावर, एका पाडव्याला ओसरीवर दोघीच होतो तेव्हा विचारली. "अक्का, तो नाग न्हाई, हे कळलं व्हतं का तुमाला?"

"न्हाई गं. मला नागच वाटला व्हता."

"म्हंजी मी मरनार, असंच धरलं व्हतं?"

"व्हय."

"मग गाठ कावून तोडली? समद्या गावानं तुमालाच धरलं असतं."

तिनं माझा उजवा हात चाचपडत आपल्या मांडीवर घेतला. ती दोन बोटं उलगडायचा प्रयत्न केला, दर वेळी करायची तसा.

"लई आवळली व्हती गं ती. म्हनलं, जायाचीच हाय पोरगी, तर एवढा तरास घेऊन कावून जावी."

मला तिथं रडू कोसळलं. ती म्हणाली, "रडू नगं, गुळाला मुंग्या लागतील."

गेल्या पाडव्याला अक्का नव्हती. गुढी उभारली, नैवेद्य झाला, धाकट्या सुनेनं माझ्या हातावर कडुलिंब ठेवला आणि ती पुढं वाटायला गेली. मी तो तोंडात धरून ओसरीकडं बघत बसले. चावलाही नाही, गिळलाही नाही. सून परत आली, माझ्याकडं बघून घाबरली. "काय झालं, आत्या?"

म्हटलं, "काय न्हाई. कडू हाय."